वहीच्या घडीतली फीत

फुसाए नागामोरी मागावर बसली की घरातलं कुणी तिच्याशी बोलायला जात नाही. गेलंच, तर ती उत्तर देते, पण हात थांबवत नाही. उत्तर देताना जिचे हात थांबतात तिला धड ना काम येतं ना उत्तर, असं तिचं म्हणणं. हे म्हणणं तिला एकदा चांगलंच महागात पडलं. त्याची ही हकिगत.

फुसाएचं वय अडुसष्ट. क्योतोच्या उत्तरेकडच्या एका गल्लीत, टोफूवाला आणि बंद पडलेलं सार्वजनिक न्हाणीघर यांच्या मधलं चिंचोळं घर तिचं. पुढच्या खोलीत दोन माग. तिथं विणली जाते ती सानादा फीत: सुती, चपटी, बोटभर रुंद, ताणली तरी न वाढणारी आणि गाठ बसली की आपणहून न सुटणारी. आडवा धागा घातला की बांबूची जड पाती त्यावर मारायची. एकदा नाही, तीनदा. तिची सासू तात्सू म्हणायची, पहिला ठोका धाग्यासाठी, दुसरा गिऱ्हाइकासाठी. तिसरा कुणासाठी ते तिनं कधी सांगितलं नाही. फुसाएनं पंचेचाळीस वर्षं न चुकता तिसरा ठोका मारला आहे.

या फिती बांधतात त्या लाकडी पेट्यांना, ज्यांत चहाचे वाडगे आणि घडे ठेवतात. साध्या फिती दुकानातून कुणीही न्याव्यात. पण काही फिती अशा, की त्यांच्या रेघांची मांडणी एकाच घराची असते. अमक्या देवळाची, तमक्या कुंभाराची. त्या मांडणीची फीत दुसऱ्या कुणासाठी विणायची नाही, असा शब्द विणकरानं दिलेला असतो. पेटीवरचं नाव खोटं लिहिता येतं, शिक्का खोटा मारता येतो, पण फीत खोटी मिळत नाही; त्यामुळे जाणकार माणूस पेटी हातात आली की आधी फितीचे धागे मोजतो. या फितींना वचनाच्या फिती म्हणतात, आणि कुठल्या घराची कुठली मांडणी हे एका वहीत लिहिलेलं असतं. नागामोरींची वही तांदळाच्या पापड्यांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात असते. फुसाए लग्न होऊन आली तेव्हा वहीत एकशे बारा घरं चालती होती. आता एक्केचाळीस आहेत. भट्ट्या विझल्या, देवळांना वारस राहिले नाहीत. पण घर बुडालं म्हणून पान कोरं झालं, असं नाही. नागामोरींना सोडून दुसऱ्या विणकराकडे गेलं असं एकही घर त्या वहीत नव्हतं. फुसाए हे कुणाला सांगत नसे. फक्त कुणी विचारलं, की तिची पाठ जराशी ताठ होई.

आणि वही तिला तोंडपाठ होती. एक्केचाळीसही घरं. तिला वही उघडताना पाहिल्याचं अलीकडे कुणाला आठवत नव्हतं.

तिची सून चिगुसा गिफूकडची. लग्नाआधी पिशव्या बनवणाऱ्या एका कारखान्यात होती. सासरी आल्यावर तिनं दुसऱ्या मागावर बसायला सुरुवात केली आणि तिसऱ्या वर्षी विचारलं, "आई, ही फीत पेट्यांनाच का बांधायची? माणसांना का नाही?"

"माणसं बांधून ठेवावी लागतात का?"

"ह्यांना तर लागतात," चिगुसा म्हणाली. ह्यांना म्हणजे फुसाएच्या मुलाला. तो रेल्वेच्या सिग्नलखात्यात आहे आणि घरी कमी असतो. फुसाए हसली नाही, पण तिनं नाहीही म्हटलं नाही.

अशा रीतीनं घरात पट्टे सुरू झाले. खांद्यावरच्या पिशवीचे पट्टे, चष्म्याच्या दोऱ्या, कॅमेऱ्याचे पट्टे, दोन फिती शेजारीशेजारी शिवून केलेली पाकिटं. फुसाएनं पहिलं वर्षभर त्यांच्याकडे नाक मुरडून पाहिलं. मग एक दिवस टोफू आणायला जाताना तिच्याच कापडी पिशवीला चिगुसाचा पट्टा दिसला. चिगुसानं काही विचारलं नाही. फुसाएनंच सांगितलं, "पेटीची फीत वर्षातनं दोनदा सुटते. हिला रोज वजन आहे. हिला जास्त नीट विणायला पाहिजे." तेव्हापासून चिगुसा पट्टे दुहेरी विणीनं विणू लागली, आतून पोकळ, फितीच्या दीडपट जाड. तिसरा ठोका तिनंही सोडला नाही.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये, एका सोमवारी सकाळी, फोन वाजला.

"नागामोरीसान," पलीकडचा आवाज म्हणाला, "मी मेलोय का?"

आवाज सेइजुरो इवासेंचा होता. तांबा भागातल्या डोंगरातले कुंभार, वय एक्क्याऐंशी, घराण्याची सातवी पिढी. चार पिढ्या त्यांच्या पेट्यांची फीत नागामोरींकडून जाते.

"काय बोलताय, इवासेसान!"

"विचारतोय. मला कुणी कळवलं नाही. काल सासायामा गावात उडॉनच्या शेवया खायला बसलो होतो. समोर एक मुलगी. गळ्यात कॅमेरा. कॅमेऱ्याचा पट्टा निळा आणि राखी. मी धागे मोजले. पाच, तीन, एक, तीन, पाच. परत मोजले. उडॉन गार झाले."

फुसाएच्या हातात फोन होता आणि मागावर अर्धी फीत. यावेळी हात थांबले.

"ती आमची मागे ठेवायची फीत आहे," म्हातारा म्हणाला. "वडिलांच्या वेळची. माझ्यासाठी तीच निघायची होती, मी गेल्यावर. त्या मुलीला विचारलं, कुठून घेतला. म्हणाली, क्योतोला प्रदर्शनात. वर मलाच विचारते, आजोबा, आवडला का तुम्हाला?"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? छान आहे म्हणालो. छान आहेच." मग तो म्हणाला, "गुरुवारी येतो. पान घेऊन जाईन."

पान घेऊन जाणं म्हणजे काय ते दोघांनाही सांगायची गरज नव्हती. वहीतलं इवासे घराचं पान कापून त्यांच्या हातात द्यायचं, आणि ते पान घेऊन ते दुसऱ्या विणकराकडे जाणार. फुसाएनं सबब सांगितली नाही. "या," ती म्हणाली. "वाट बघते."

इवासेंच्या घरची रीत अशी. कुंभार जिवंत असेतो आपल्या घड्यांच्या पेट्यांवर स्वतः नाव लिहितो आणि तपकिरी-पांढऱ्या फितीनं बांधतो. तो गेला की मागे राहिलेले घडे मुलगा पेटीत घालतो, आणि त्या पेट्यांना वेगळी, निळी-राखी फीत लावतो. पुढं शंभर वर्षांनी पेटी उघडणाऱ्याला कळावं की हा घडा बापानं स्वतः पसंत करून बाहेर काढलेला नाही, मुलानं काढला आहे. सेइजुरोंच्या वडिलांचे असे छत्तीस घडे आहेत. ती फीत रस्त्यावर मिळू लागली तर उद्या कुणीही सदतिसावा घडा बांधून विकायला काढील. म्हाताऱ्याचं दुखणं हे होतं. ते फुसाएला फोन ठेवायच्या आत कळलं होतं.

चिगुसा मागच्या खोलीतून आली. तिनं सगळं ऐकलं होतं.

"आई, मी विचारलं होतं तुम्हाला."

"माहीत आहे."

विचारलं होतं खरंच. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर. फुसाए मागावर होती, आणि चिगुसानं दारातून विचारलं होतं: पाच, तीन, एक, तीन, पाच, निळा आणि राखी, वहीत आहे का? फुसाएनं मनातल्या मनात एक्केचाळीस घरं फिरून पाहिली. तेवढ्या वेळात तीन आडवे धागे घातले गेले. मग न वळता म्हणाली, "नाही." ते नाही म्हणताना तिला स्वतःचा अभिमान वाटला होता हेही तिला आता आठवलं. पुढं पट्टे विणून झाले तेव्हा तिनं एक हातात घेऊन पाहिला, आणि ओळखीचा वाटतो म्हणाली. चांगली मांडणी ओळखीचीच वाटते, अशी स्वतःची समजूतही घातली.

आता तिनं डबा उघडला. वही जुन्या पद्धतीची, म्हणजे प्रत्येक कागद मधोमध दुमडून, घडीची बाजू बाहेर ठेवून, मोकळ्या कडा आत शिवलेल्या. दुमडल्यामुळे प्रत्येक पानाच्या पोटात एक कोरी जागा राहते, जी वाचताना दिसत नाही. फुसाएनं इवासेंचं पान वरच्या बाजूनं बोटांनी उकललं आणि आत डोकावून पाहिलं. सासूचं अक्षर. पाच, तीन, एक, तीन, पाच. मालक जिवंत असताना ज्या फितीवर नजर पडू नये, ती तात्सू घडीच्या आत लिहून ठेवायची. तीनच घरांची अशी होती. तात्सूनं हे सुनेला एकदा सांगितलं होतं, लग्नाच्या पाचव्या की सहाव्या वर्षी. जे दिसतं ते फुसाएनं पाठ केलं. जे दिसत नाही ते राहिलं.

"पण तुला ही मांडणी मिळाली कुठं?" तिनं विचारलं.

चिगुसानं जुन्या सुताच्या खोक्यातून एक चिठ्ठी काढून दिली. तळहाताएवढी, पिवळी पडलेली, फक्त आकडे आणि रंग. "नाव नव्हतं. मला वाटलं आजेसासूबाईंनी कधी नमुना करून बघितला असेल."

फुसाएनं चिठ्ठी पाहिली. पाचाचा आकडा खाली गळासारखा वळलेला. तात्सूचा पाच असा नव्हता. असा पाच आख्ख्या घरात एकटी फुसाए काढते.

विणताना मागाला अशी चिठ्ठी लावतात. तिच्यावर घराचं नाव लिहायचं नाही, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला कळत नाही. आणि काम संपलं की चिठ्ठी जाळायची. हा नियम पहिल्या दिवशी शिकवला जातो. थोरले इवासे गेले तेव्हा फुसाए तीस वर्षांची होती, आणि ती फीत तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकटीनं विणलेली पहिली वचनाची फीत. तात्सूनं ती उजेडाला धरली, उलटी केली, कड नखानं खरवडून पाहिली आणि काही न बोलता गुंडाळून ठेवली. तात्सूनं काही न बोलणं हे त्या घरात पदकाच्या जागी होतं. फुसाएला ती चिठ्ठी जाळवली नाही. तिनं ती सुताच्या खोक्याच्या तळाशी घातली आणि वर निळं सूत ठेवलं. त्याला अडतीस वर्षं झाली; चिठ्ठी आणि तिच्यावरचे आकडे, दोन्ही ती विसरून गेली होती.

"मी सांगते त्यांना, माझ्याकडनं झालं," चिगुसा म्हणाली. "सून नवीन होती, माहीत नव्हतं. लोक सुनेला माफ करतात."

"बारा वर्षं झाली, नवीन कसली? आणि अक्षर काय सांगशील? तुझं आहे म्हणून?"

"ते काय माझं हस्ताक्षर बघायला येतायत?"

"मी बघितलंय," फुसाए म्हणाली. विषय तिथं संपला.

पट्टे तीस झाले होते. सात घरात होते. बारा टपालानं गेले होते, त्यांचे पत्ते होते. अकरा प्रदर्शनात गेले होते, ते कुणाकडे आहेत ते देवाला ठाऊक. दुपारी चिगुसा संगणकापुढं बसली आणि फुसाएनं मजकूर सांगितला. "आमच्याकडून चूक झाली आहे. पट्ट्यात दोष नाही. कृपया परत पाठवा. बदल्यात दुसरा विणून देऊ."

"दोष नाही तर परत का मागताय, असं विचारतील."

"विचारू देत."

"काय सांगू?"

"की दोष आमच्यात आहे."

बुधवारपर्यंत आठ जणांची होकाराची उत्तरं आली, चार पट्टे पोचलेही. तिघांकडून काही कळलं नाही. ओकायामाचा एक सुतार मात्र अडून बसला. त्यानं फोनच केला. त्याचं म्हणणं, माझी अवजाराची पिशवी या पट्ट्यानं मचाणावरनं दोनदा लटकली, एकदा मीही लटकलो, आणि तुम्ही म्हणता परत करा? चिगुसानं फोनवर हात ठेवून फुसाएकडे पाहिलं.

"तो किती किलोचा आहे विचार," फुसाए म्हणाली.

"आई!"

"विचार ना."

"एक्क्याऐंशी म्हणतो."

फुसाएनं मान हलवली. चेहरा गंभीरच होता, पण पाठ ताठ झाली. "बदल्यात देणार तो यापेक्षा कमी नसेल म्हणावं." सुतार तयार झाला, मात्र आधी नवा पट्टा हातात पडू दे म्हणाला.

गुरुवारी सकाळी तिनं पुढची खोली स्वतः झाडली. बैठ्या टेबलावर वही ठेवली, चिठ्ठी ठेवली, परत आलेले चार आणि उरलेले सात असे अकरा पट्टे ओळीनं मांडले. शेवटी मागाशेजारची कात्री आणून वहीच्या उजवीकडे ठेवली. चिगुसा म्हणाली, "कात्री कशाला? त्यांना मागू तरी द्या." फुसाए म्हणाली, "पाहुण्याला मागायला लावायचं नसतं."

इवासे दहाच्या सुमाराला आले. बूट काढायला त्यांना बराच वेळ लागला आणि कुणी हात दिलेला त्यांना चालला नाही. बगलेत कापडात बांधलेली पेटी होती, खांद्याला जुनी झोळी. चाळीस वर्षांत हा माणूस तांबाच्या काळ्या सोयाबीनची पुडी घेतल्याशिवाय या घरात आला नव्हता. आज आल्या आल्या पुडी पुढं आली नाही. ते दोघींनीही पाहिलं.

फुसाएनं चटईला कपाळ टेकवलं. वर आल्यावर तिनं सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. चिठ्ठी कुणाची, का जाळली नाही, सुनेनं विचारलं तेव्हा वही का उघडली नाही. आवाज चढला नाही की पडला नाही. "माझ्या सुनेनं विचारून विणलं. मी न बघता उत्तर दिलं. चूक माझी. परत आलेले हे. बाकीचे मागवतेय. अकरा कुठं आहेत ते मला माहीत नाही. पान तुमचं आहे."

म्हाताऱ्यानं कात्रीकडे पाहिलं. मग चिठ्ठी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"वडिलांची फीत तुम्ही विणली होती?"

"हो."

"तेव्हा मला वाटलं होतं, तुमच्या सासूबाईंनी. मी त्यांना पत्रही पाठवलं होतं. काम उत्तम म्हणून."

"मला कुणी दाखवलं नाही."

"नाहीच दाखवणार," म्हातारा म्हणाला. "मी ओळखत होतो त्यांना."

त्यांनी कापड सोडलं. आत किरीच्या हलक्या लाकडाची रिकामी पेटी होती, अडतीस वर्षांची, निळ्या-राखी फितीनं बांधलेली. त्यांनी गाठ सोडली. पेटीच्या तळाला दोन पट्ट्या असतात, त्यांत अरुंद फटी, त्यांतून फीत ओवलेली असते. त्यांनी फीत ओढून काढली आणि टेबलावर ठेवली. ओळीतला एक पट्टा घेऊन तिच्याशेजारी धरला. धागे मोजले. मांडणी तीच. मग त्यांनी पट्ट्याचं टोक पेटीच्या फटीत घालायला सुरुवात केली.

टोक आत जाईना. त्यांनी ते ओलं करून पिळलं, परत घातलं. जाईना. झोळीतून एक बांबूची काडी काढून तिनं ढकललं. एक कोपरा आत गेला आणि अडकला. म्हाताऱ्यानं जोर केला तसं लाकूड कुरकुरलं, पट्टा हलला नाही.

"हे विणलं कुणी?"

"मी," चिगुसा म्हणाली. तीन दिवसांत तिनं पहिल्यांदा फुसाएकडे न बघता तोंड उघडलं होतं.

"एवढं जाड कशाला?"

"पेटीची फीत वर्षातनं दोनदा सुटते. याला रोज वजन आहे. दुहेरी वीण आहे, आजोबा. आतून पोकळ. पिळून बारीक होत नाही."

"ते बघतोय मी."

"उसवून पातळ केली तर धागे सुटतील. मांडणी राहणार नाही."

म्हातारा पट्टा उलटसुलट करत राहिला. कड नखानं खरवडून पाहिली. फुसाए ते बोट पाहत होती. त्यानं दोन्ही हातांत पट्टा धरून हिसका दिला, पुन्हा दिला. मग तो टेबलावर ठेवून म्हणाला, "म्हणजे या पट्ट्यानं वडिलांची पेटी बांधता येणार नाही. कुणालाच."

"नाही," फुसाए म्हणाली. "पण मांडणी तुमची आहे. फटीत जात नाही म्हणून चूक बरोबर होत नाही."

"चूक ती चूकच आहे," म्हातारा चटकन म्हणाला. "मी कुठं नाही म्हणालो?"

चहा गार होत होता. टोफूवाल्याची शिट्टी गल्लीतून गेली. मग इवासेंनी कात्री उचलली, आणि तिची मूठ फुसाएकडे करून टेबलाच्या तिच्या बाजूला ठेवली.

"माझ्या घरात अठ्ठावीस वर्षांपूर्वी एक घडा भाजताना तडकला," ते म्हणाले. "मी तो लाख लावून विकला. वडील असते तर त्यांनी माझा हात तोडला असता. ज्याला विकला त्याच्या दारात मी आठव्या दिवशी उभा राहिलो आणि घडा परत मागितला. त्यानं दिला. दिला, आणि दुसरा न्यायला माझ्याचकडे आला." त्यांनी चहाचा घोट घेतला. "विकलेलं परत मागायला तुम्ही लोकांच्या दारात जाता का, ते बघायला मी आलो होतो. तुम्ही सोमवारीच सुरुवात केली म्हणता."

"दुपारी."

"फोन तर मी सकाळी केला होता."

"सकाळी वही उकलत होते," फुसाए म्हणाली.

म्हातारा पहिल्यांदा हसला. मग त्यांनी काय ठरवलं ते सांगितलं, आणि ते विनंतीसारखं नव्हतं. निळी-राखी मांडणी वडिलांची म्हणून बंद. छत्तीस घड्यांनंतर ती कुणालाही नाही, त्यांना स्वतःलाही नाही. परत येतील ते पट्टे जाळायचे. सासायामाच्या त्या मुलीकडचा राहू द्यायचा. तिच्या गळ्यातून काढून घ्यायला मी काही जात नाही, आणि तुम्हीही जाऊ नका. आता राहिला प्रश्न त्यांच्या स्वतःच्या मागे राहणाऱ्या घड्यांचा.

"ती मांडणी हिनं करावी," ते चिगुसाकडे मान करून म्हणाले. "माझ्या डोळ्यांना दिसतंय तोवर."

चिगुसानं सासूकडे पाहिलं. फुसाए वहीकडे पाहत होती.

"जाडी?" चिगुसानं विचारलं.

"हीच."

"फटीत जाणार नाही."

"पेटीवाला माझा मेहुणा आहे. फट रुंद करील. ज्याला पुढं माझा घडा बनावट करायचा असेल त्याला आधी तुझ्यासारखं विणावं लागेल, आणि तेवढं ज्याला येतं त्यानं बनावट कशाला करावी?" मग त्यांनी झोळीत हात घातला आणि काळ्या सोयाबीनची पुडी काढून टेबलावर ठेवली. "आणलेली होती. पण आधी देऊन बसलो असतो आणि मग पान न्यावं लागलं असतं, तर बरं दिसलं नसतं."

ते असेतोच फुसाएनं ती पिवळी चिठ्ठी उदबत्तीच्या राखेत जाळली. कागद जुना होता, भुरकन गेला. वळलेला पाच सगळ्यात शेवटी दिसत होता, असं चिगुसा नंतर सांगते. फुसाए म्हणते, काही दिसत नव्हतं, ही उगाच रंगवते.

चिगुसाला अकरा आठवडे लागले. तिनं सात मांडण्या केल्या आणि फुसाएनं प्रत्येक वेळी सांगितलं, "वहीत बघून ये." तिला पाठ होतं की ती मांडणी वहीत नाही. तरी सून डबा उघडून, प्रत्येक पान वरून उकलून, एक्केचाळीस घरांच्या पानांच्या पोटात डोकावून येईपर्यंत ती पुढं बोलत नसे. सातवी मांडणी इवासेंनी पसंत केली. गडद हिरवा आणि राखी, मधे एकटा पांढरा धागा, तोही नेमका मधे नाही, एका अंगाला सरकलेला. मधे का नाही म्हणून म्हाताऱ्यानं विचारलं तेव्हा चिगुसा म्हणाली, "तुमचे घडेही एका अंगाला कललेले असतात, आजोबा." "ते मुद्दाम असतात!" "हाही मुद्दाम आहे."

जूनमध्ये पहिली गुंडाळी तयार झाली. चिगुसानं ती टेबलावर ठेवली आणि बाजूला बसली. फुसाएनं ती खिडकीशी नेऊन उजेडाला धरली. उलटी केली. कड नखानं खरवडून पाहिली. मग दोन बोटं लांबीचा तुकडा कापला. तो इवासेंकडे जाणार होता, पुढं कधी त्यांचा मुलगा नवी फीत मागायला येईल तेव्हा तो बरोबर आणील आणि त्याच्याशी ताडून पाहिलं जाईल. उरलेली गुंडाळी बांधून तिनं फळीवर ठेवली. बोलली काहीच नाही.

त्यानंतर तिनं वही उघडली, इवासेंचं पान वरून उकललं आणि सासूच्या ओळीखाली, घडीच्या आत, वाकडा हात घालून, आकडे लिहिले. तिच्या पाचाचं शेपूट तिथंही वळलं.

मागाला लावलेली चिठ्ठी चिगुसानं काढली होती आणि ती हातात धरून उभी होती. उदबत्तीचं भांडं दोन पावलांवर होतं. ती तिकडे गेली नाही. चिठ्ठी तिनं एकदा दुमडली, मग आणखी एकदा, खिशात मावेल एवढी.

फुसाएनं वही डब्यात ठेवून झाकण लावलं.

"मला माहीत आहे," ती म्हणाली. "जाळ."